तिसऱ्या मजल्यावरून व्याख्यानाला

नाक्यावर व्याख्यानमालेचा कापडी फलक लागला, की मला आधी रागच येतो. थंडी पडते, वालपापडी बाजारात येते, कागड्याच्या कळ्या केळीच्या पानात गुंडाळून बायका स्टेशनाबाहेर बसायला लागतात, इथपर्यंत सगळं छान असतं. मग एके दिवशी टपरीच्या वर, दोन बांबूंच्या मध्ये, तो फलक ताणलेला दिसतो. वसईकरांना ही हौस भारी. जानेवारी आला की शाळेच्या मैदानावर मांडव पडणार, सतरंज्या अंथरल्या जाणार, शाली गुंडाळून माणसं वक्त्यांची वाट बघत बसणार, आणि शेवटच्या दिवशी परिसंवाद होणार. परवा भाजी घेऊन येताना यंदाचा विषय वाचला. ‘सर्वांसाठी आरोग्यसेवा : सरकारचे कर्तव्य की समाजाचे?’ पिशवी हातातच राहिली. अण्णा असताना जो विषय होता त्यातला एखादा शब्द इकडचा तिकडे केलाय, बस्स. म्हटलं, घ्या! अजून यांची चर्चाच चालू आहे.

आमचे अण्णा हट्टी होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे त्यांची कोणी फार कीव करत बसायला नको. साताऱ्याकडचे, मुंबईतल्या शाळेत मास्तर, आणि निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशात इथे वसईत, उमेळ्याच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांची जागा घेतलेली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा एकेक वाडी विकली जायची, केळी तोडल्या जायच्या, आणि वर्षभरात तिथे गच्चीला गळती लागलेली इमारत उभी राहायची. आमचीही तशीच. लिफ्ट नव्हती. पायऱ्या उंच, आणि वळणावर जिना इतका अरुंद की आईचं कपाट वर चढवताना हमालांनी त्याचे पाय काढले होते. अण्णा तेव्हा म्हणाले, “बरं आहे, चढउतार केली की साखर आटोक्यात राहते.” त्यांना मधुमेह होता.

नळ होता, पाणी नव्हतं. त्यामुळे पहिल्या उन्हाळ्यातच अण्णा कळशी घेऊन शेजारच्या वाडीत गेले. वाडी जुजेकाकांची. ख्रिस्ती, पिढ्यान्‌पिढ्या बागायतदार, पानवेली, केळी, थोडा भाजीपाला. हात कोपरापर्यंत नेहमी ओले. त्यांनी काही न विचारता विहिरीवरचा पंप सुरू केला आणि कळशी भरून दिली. यावर कुठल्याही भल्या माणसाने काय म्हणावं? अण्णा म्हणाले, “आभारी आहे. पण पाणी देणं हे तुमचं काम नाही, सरकारचं आहे.” जुजेकाका हसले. म्हणाले, “मास्तर, मग कळशी ओतू का परत?” तिथून त्या दोघांचं जे जमलं ते शेवटपर्यंत. रोज दुपारी चार वाजता जुजेकाका आमच्याकडे चहाला यायचे आणि दोघं तावातावाने भांडायचे. आई म्हणायची, यांना दुसरा विषय कसा सापडत नाही देव जाणे.

विषय एकच. माणूस आजारी पडला, म्हातारा झाला, एकटा पडला, तर त्याचं कोणी करायचं?

जुजेकाकांचं उत्तर तयार असायचं. त्यांच्या गावात एक रीत होती. घरातला कर्ता माणूस अंथरुणाला खिळला, की रविवारच्या चर्चमधल्या मिस्सानंतर लोक घरी जाऊन कपडे बदलायचे आणि सरळ त्याच्या वाडीत शिरायचे. कोणी बोलावणं करायचं नाही. वेली बांधायच्या, आळी करायची, पाणी सोडायचं, केळीचे घड उतरवून बाजारात पोचते करायचे. घरच्यांनी फक्त चहा ठेवायचा. आणि कोणी काय काम केलं, हे आजाऱ्याला कधी सांगायचं नाही. तो बरा झाला की वाडीत यायचा, तर सगळं जागच्या जागी. आभार मानायचे तर कोणाचे? जुजेकाका हे सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज हळू व्हायचा. मग लगेच चढायचा. “सरकारी मानूस पाच वाजता घरी जातो मास्तर. शेजारी कुठं जाईल?”

मला ही रीत फार आवडायची. अजून आवडते. अण्णांनाही आवडायची, पण कबूल कशाला करतील! त्यांनी कुठून तरी शोधून काढलं होतं, की जुजेकाकांच्याच गावात एक बाई होती, नवरा गेलेला, जिभेने तिखट, बांधावरून अख्ख्या गावाशी भांडलेली. ती आजारी पडली तेव्हा कोणी तिच्या वाडीत गेलं नाही. वेली वाळल्या. अण्णांनी एका दुपारी हे विचारलं. जुजेकाका बशीतला चहा फुंकत बसले आणि म्हणाले, “ती बाई तशीच होती.”

“तशीच होती ना? मान्य. पण ताप तर तिलाही आपल्यासारखाच येत होता?” अण्णा म्हणाले. “जी माणसं कोणालाच आवडत नाहीत, त्यांच्यासाठी सरकार लागतं, जुजे. आवडत्या माणसांचं काय, कोणीही करतो.”

जुजेकाकांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, “तुमचं सरकार त्या बाईकडं गेलं होतं काय?” आणि चप्पल घालून निघून गेले. दुसऱ्या दिवशी चार वाजता परत हजर. सोबत सुकेळ्यांचं, वाळवलेल्या गोड केळ्यांचं, पुडकं. मधुमेही माणसाला सुकेळी! आईने ते डब्यात घालून वरच्या फळीवर ठेवलं, आणि अण्णा स्टूल घेऊन ते शोधताना दोनदा सापडले.

व्याख्यानमालेवाल्यांच्या कानावर हे भांडण गेलंच. एका वर्षी त्यांनी दोघांना परिसंवादात बोलावलं. अण्णा बोलायला उभे राहिले की वर्गात उभे राहिल्यासारखे बोलायचे. त्या दिवशी बोलता बोलता ते म्हणून गेले, “ज्या सरकारी दवाखान्यात मी स्वतः पाय ठेवणार नाही, तो तुम्ही वापरा असं म्हणायचा मला अधिकार नाही. मी आजारी पडलो तर तिथेच जाईन.” टाळ्या पडल्या. मी मांडवात बसून हात चोळत होते, थंडीने आणि अभिमानाने. आईने मात्र कपाळाला हात लावला. ती म्हणाली, “झालं. आता हे खरं करून दाखवणार.”

त्याच वर्षी भाद्रपदात अण्णांच्या डाव्या पायाला काहीतरी लागलं. काय लागलं ते कळलंच नाही, मधुमेह्याला कळत नाही. अंगठ्याच्या खाली लहानशी जखम. आठवड्याने ती वाटीएवढी झाली. स्टेशनजवळ खासगी नर्सिंग होम होतं, डॉक्टर ओळखीचे होते, मी रजा टाकून रिक्षा घेऊन आले. अण्णा धोतर नेसून तयार बसलेले. “कुठे जायचं ठरलंय ते मैदानावर सांगून झालंय,” म्हणाले. मी ओरडले, आई रडली, जुजेकाकांनीसुद्धा हात जोडले. “मास्तर, त्या भाषनाला आता कोन विचारतो? लोक विसरले!”

“मी नाही विसरलो,” अण्णा म्हणाले. “माझ्यासारखे पेन्शनवाले तिथे गेले नाहीत, तर ते सुधारणार कसं? ज्याला तोंड आहे तो खासगीत जातो, आणि ज्याला तोंड नाही तो तिथे पडून राहतो.”

आता या बोलण्यात चुकीचं काय आहे, सांगा. अजूनही मला चूक सापडत नाही, म्हणून तर चीड येते. फक्त पाय त्यांचा होता.

सरकारी दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, डोळ्यांखाली काळं झालेलं, पण भला. जखम धुतली, इंजेक्शनं दिली, आणि बाहेर येऊन मला म्हणाला, “ताई, हे सर्जनने बघायला हवं. आमच्याकडे सर्जनची जागा रिकामी आहे. बाहेरून एक साहेब येतात, पण कधी येतील सांगता येत नाही. यांना मुंबईला न्या.” अण्णांनी ते ऐकलं. “येतील तेव्हा येतील,” म्हणाले. “मी थांबतो.” त्या वॉर्डात कामणकडची, आतल्या पाड्यांवरची माणसं होती. दोन दोन बस बदलून आलेली. ती सगळी थांबलेलीच होती. अण्णा त्यांच्या खाटांवर जाऊन बसायचे, केसपेपर वाचून दाखवायचे, अर्ज लिहून द्यायचे. मला म्हणाले, “ही कुठे जाणार मुंबईला? माझ्या एकट्यासाठी का वेगळा रस्ता?” मी डबा घेऊन जायचे आणि दरवेळी आधी पायाकडे बघायचे. बोटं निळी दिसायला लागली. मग काळी.

शेवटी जुजेकाकांनी विचारणंच बंद केलं. भाजीचा टेम्पो आणला, पुतण्यांना सोबत घेतलं आणि अण्णांना उचलून मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात नेऊन घातलं. अण्णा तापात होते, तरी वाटेत विचारत होते, “खासगी नाही ना?” ते सरकारीच होतं. तिथे कॉरिडॉरमध्ये माणसं जमिनीवर झोपली होती, आणि तिथल्याच डॉक्टरांनी अण्णांचा जीव वाचवला. पाय गुडघ्याच्या वरून काढला. अण्णा शुद्धीवर आले तेव्हा आई पदर तोंडात धरून बसली होती. ते तिला म्हणाले, “बघ, केलं की नाही सरकारने?” आई उठून बाहेर गेली. त्या दिवसापासून पुढे कितीतरी दिवस ती त्यांच्याशी नीट बोललीच नाही. जेवायला वाढायची, पट्टी बदलायची, आणि आत जायची.

दिवाळीनंतर त्यांना घरी आणलं. तिसऱ्या मजल्यावर.

तो हिवाळा मी कधी विसरणार नाही. सकाळी वाड्यांमधून सुकी केळीची सोपटं जाळल्याचा धूर यायचा आणि आमच्या गॅलरीत येऊन थांबायचा. अण्णा गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. खाली जुजेकाका वेलींना पाणी घालताना दिसायचे, भाजीवालीशी कोणी घासाघीस करायचं, मुलं शाळेत जायची. अण्णा सगळ्यांना बघायचे. रोज संध्याकाळी बाजारात एक फेरी मारून चार माणसांशी वाद घातल्याशिवाय ज्यांना जेवण जायचं नाही, ते अण्णा आता वरून हाका मारायचे. आधी लोक थांबायचे, मान वर करून बोलायचे. पण मान दुखते हो माणसाची. हळूहळू ते हात हलवून पुढे जायला लागले.

गाव मात्र आलं, ते सांगायला हवं. आमची वाडी नव्हती, म्हणून जुजेकाकांच्या गावातल्या लोकांनी आमचं घरच वाडी मानलं. रविवारी मिस्सा आटोपून बायका आल्या. कोणी पाणी भरलं, कोणी आईच्या हातातून विळी काढून घेतली. एकीने दारातच मडकं ठेवलं, आत कोनफळ, रताळी, वालाच्या शेंगा घालून उकडहंडी लावलेली. घरभर ओव्याचा वास पसरला आणि किती दिवसांनी आई हसली. चर्चमध्ये आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते त्यात फादरनी अण्णांचं नाव घेतलं. आणि आमच्या इमारतीतले लोक? ते वाईट नव्हते. पहाटे दार ओढून जायचे, अंधार पडल्यावर यायचे. त्यांना आमच्या घरी काय झालंय हे कळायलाच गणपतीची वर्गणी मागायला यावं लागलं असतं. अण्णा हे सगळं बघायचे. बायका गेल्या की भिंतीकडे तोंड करून पडायचे.

मी एकदा चिडून विचारलं, “लोक एवढं करतात, तुम्ही साधे दोन शब्द तरी बोलत जा!”

“किती वेळा बोलू?” ते म्हणाले. “सकाळपासून आभारच मानतोय मी. तांब्या दिला, आभार. संडासला नेलं, आभार. थकलो गं.”

पुढच्याच पावसाळ्यात अण्णा गेले. त्या हिवाळ्यानंतर ते जिना उतरले ते एकदाच, आणि तेव्हा त्यांना काही कळत नव्हतं. जुजेकाका नंतरही चार वाजता येत राहिले, आईशी काय बोलावं ते त्यांना सुचायचं नाही. मग त्यांच्या गावातल्या वाड्याही एकेक करून गेल्या. विहिरीचं पाणी मचूळ झालं, पानवेली जळल्या, पुतण्यांनी जमीन विकायला काढली. वाडीच नाही तर रविवारी हात लावायचा कशाला? रीत कोणी मोडली नाही, तिला जागाच उरली नाही. जुजेकाका आता नातवाकडे असतात, ऐकू येत नाही, मी गेले की माझा हात धरून नुसते बसतात. त्या सरकारी दवाखान्याला नवा रंग दिलाय. सर्जनची जागा भरली का, ते मी विचारायला गेले नाही. आणि आता म्हणे, कर्तव्य कोणाचं यावर परिसंवाद.

पण मला सांगायचं आहे ते त्या हिवाळ्यातल्या परिसंवादाबद्दल. पाय गेल्यानंतरच्या.

व्याख्यानमालेवाले पुन्हा आले होते. त्यांना वाटलं, मास्तर नाही म्हणतील. अण्णा लगेच हो म्हणाले. आई आतून ओरडली, “आणि जाणार कसे?” जुजेकाका तिथेच बसले होते. म्हणाले, “मी हाय ना.” विरुद्ध बाजूने बोलायचं तेही त्यांनाच होतं!

दुपारी ते दोन पुतण्यांना घेऊन आले. लाकडी हातांची खुर्ची, तिला दोन बाजूंनी बांबू बांधले. चौथा माणूस हवा होता. मी आमच्या मजल्यावरच्या बेल वाजवल्या, सुट्टीचा दिवस असून दोन दारं उघडली नाहीत, तिसऱ्या दारातून एक गुजराती शेजारी बनियनवर शर्ट चढवत आले. अण्णांनी स्वच्छ धोतर, कोट, टोपी असा पोशाख केला होता. वळणावर खुर्ची अडकली, तिरकी करावी लागली, अण्णांनी कठडा घट्ट पकडला. नुसते श्वास ऐकू येत होते. खाली उतरल्यावर अण्णांनी मातीकडे बघितलं. कित्येक आठवड्यांनी जमीन जवळून बघत होते.

मांडवात त्यांनी फार वेळ घेतला नाही. नेहमीची आकडेवारी नाही, कायदे नाहीत. खुर्चीत बसूनच म्हणाले, “मला आज इथे चौघांनी उचलून आणलं. त्यांचे उपकार मी या जन्मात फेडू शकत नाही. पण मंडळी, मला उपकार नको होते. मला फक्त व्याख्यानाला यायचं होतं.” एवढंच. टाळ्या वाजवाव्यात का, लोकांना कळेना.

मग जुजेकाका उठले. कागदावर काहीतरी लिहून आणलं होतं, ते त्यांनी खिशात ठेवलं. “मास्तर खरं बोलतात,” म्हणाले. “पन सरकारची वाट बघितली असती तर मास्तर आता वरच बसले असते. मला जास्त बोलायचं नाय. त्यांना घरी पोचवायचं हाय.” यावर मात्र लोक हसले, टाळ्याही पडल्या. अण्णाही हसले. मला वाटलं, चला, आजचा दिवस तरी बरा गेला.

परत आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. चढताना खुर्ची जड झाली. उतरताना वजन खाली ओढतं, चढताना ते सगळं मागच्या दोघांच्या अंगावर येतं, आणि मागे जुजेकाका होते. वय साठीच्या पुढे. दुसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा ते म्हणाले, “जरा थांबा रे.” खुर्ची खाली ठेवली. जुजेकाका भिंतीला टेकले, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. पुतण्यांचे शर्ट भिजले होते. शेजारी मनगट चोळत होते. मी मागे उभी, हातात अण्णांची टोपी आणि मांडवातला हार.

“दमलात,” अण्णा म्हणाले.

“दमलो,” जुजेकाका म्हणाले. “म्हनून काय तुम्हाला इथं ठेवून जानार?”

सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. मान खाली घालून बसले, मग त्यांचे खांदे हलायला लागले. आमचे अण्णा, रडत होते! परक्याच्या दारापुढे, जिन्यात बसून, लहान पोरासारखे. मला काय करावं कळेना. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तर त्यांनी तो बाजूला केला आणि जुजेकाकांकडे बघितलं. वादाचा सूर त्यात अजिबात नव्हता. खरोखर विचारत होते ते.

“जुजे, उद्या मला पुन्हा खाली जावंसं वाटलं तर?”

जुजेकाकांनी पुतण्यांकडे बघितलं. थोरला पुतण्या दुसरीकडे बघत होता. शेजाऱ्यांनी घड्याळात पाहिलं.

जुजेकाकांनी बांबूला हात घातला.

“उचला रे,” ते म्हणाले. “हळू.”